एका चौकोनातल्या दोन विहिरी

अंबड तालुक्यातल्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये, सतरंजीवर नकाशा पसरून आम्ही बसलो होतो. एप्रिल संपत आला होता. चार वाजले तरी वरचा पत्रा तापलेलाच होता, आणि सिंगल फेजवर कसाबसा फिरणारा पंखा नकाशाची टोकं सारखी उडवत होता. एका पोरानं कोपऱ्यांवर चपला ठेवल्या, तर मागून कुणीतरी ओरडलं, ‘अरे, गाव हाय त्याच्यात, चपला काय ठेवतो!’ मग चपला गेल्या आणि पाण्याचे तांबे आले. नकाशा माझाच होता. सगळं पाणलोट क्षेत्र बारीक चौकोनांत कापलेलं, निळ्यापासून लालपर्यंत रंग, मे महिन्याच्या अखेरीला भूजलाची पातळी कुठे किती असेल ते दाखवणारा. लोकांनी तो आधी बघितला तसा सगळेच नकाशे बघतात, म्हणजे स्वतःचं घर शोधत. मग पुढे बसलेल्या एका मामांनी विचारलं, ‘मॅडम, माझी हीर कुठंय ह्यात?’ मी पेन्सिलीनं ठिपका काढून दिला. ‘आन् आमच्या धाकट्याची?’ दुसरा ठिपका पहिल्याला जवळजवळ चिकटला. ‘दोन्ही एकाच डब्यात? मग पाणी?’ मी म्हटलं, मामा, एका चौकोनाला पातळी एकच. ते बराच वेळ त्या केशरी चौकोनाकडे बघत राहिले. ‘माझी तर फेब्रुवारीतच उघडी पडली. त्याची मोटर काल रातच्याला बी चालू होती. म्हंजी तुमच्या कम्प्युटरनं आमची वाटणी मोडली म्हणा की.’

हॉल हसला, मीही हसले. सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला धाकटा भाऊ तेवढा हसला नाही.

चौकोन ५०० मीटर बाय ५०० मीटरचा होता. म्हणजे २५ हेक्टर, सुमारे ६२ एकर. आमच्या भागात ६२ एकरांत किती खातेदार, किती विहिरी, किती बोअर, किती बांधावरची भांडणं मावतात हे इथं सांगत बसत नाही. आणि हा चौकोन मोठा मुळीच नव्हता. प्रादेशिक भूजलाच्या मॉडेलांमध्ये एक-एक किलोमीटरचे चौकोन सर्रास असतात. मी वर्षानुवर्षं हेच काम करते. मॉडफ्लो नावाचा प्रोग्राम वापरतो आम्ही. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं तो १९८४ साली प्रसिद्ध केला आणि सगळ्या जगाला फुकट दिला. आत त्याचं काम तसं साधं आहे. प्रत्येक चौकोनाला तो विचारतो, चार बाजूंच्या शेजाऱ्यांकडून आणि वरच्या-खालच्या थराकडून तुझ्याकडे किती पाणी आलं, तुझ्याकडून किती गेलं, पावसाचं किती मुरलं, मोटारींनी किती ओढलं, आणि या सगळ्याची बेरीज-वजाबाकी करून तुझी पातळी किती चढली किंवा उतरली. हजारो चौकोनांना एकाच वेळी विचारतो, एवढीच काय ती करामत. त्यामागचा नियम १८५६ सालचा, आँरी दार्सी या फ्रेंच इंजिनिअरचा. दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करताना त्यानं वाळू भरलेल्या उभ्या नळकांड्यांतून पाणी सोडून मोजमापं घेतली होती. वाळूच्या कणाकणांतून पाणी जसं शहाण्यासारखं पुढे सरकतं, तसं ते आपल्या काळ्या पाषाणातून सरकेल अशी अपेक्षा त्यानं कधीच केली नव्हती. ती आम्ही केली.

माझं आजोळ भोकरदनच्या बाजूला. तिथल्या विहिरीत उतरायला दगडी पायठणी होती आणि भिंतीतल्या कपारींत पारवे. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की आजोबा मला सोबत घेऊन खाली उतरायचे. उतरताना आधी काळी माती, मग पिवळसर मुरूम, तो हाताला ओलसर लागायचा. मग भेगाळलेला फुटका खडक, त्याच्या खाली पांढरे-हिरवट ठिपके असलेला मांजऱ्या, आणि सगळ्यात शेवटी पहारीला दाद न देणारा काळा पाषाण. एका जागी विटकरी रंगाचा हातभर थर होता, नखानं उकरला की बोट लाल व्हायचं. पाणी येत होतं ते मुरूम आणि फुटक्या खडकाच्या सांध्यातून, तेही एकाच बाजूनं. पूर्वेकडच्या भिंतीला झरा, पश्चिमेची भिंत ठणठणीत कोरडी. आजोबा दोरीला गाठी मारून पाणी मोजायचे, ‘पाडव्याला दोन परस होतं, आता एक राहिलं’ असं आजीला वरूनच ओरडून सांगायचे, आणि त्या वर्षी घरात भाजीपाल्याचा वाफा किती मोठा असेल हे त्या एका वाक्यावर ठरायचं. शिवारात आजोबांची विहीर पाण्याची म्हणून ओळखली जायची. शेजारच्या बांधापलीकडे तेवढीच खोल विहीर होती, तिला दसऱ्यानंतर पाणी नसे. पुढे भूशास्त्र शिकले तेव्हा कळलं की ते सगळे थर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. एकावर एक प्रवाह थिजत गेले, दोन प्रवाहांच्या मधल्या काळात वरचा भाग कुजून लाल झाला, वरच्या फेसाळ भागातल्या पोकळ्या पुढे खनिजांनी भरून मांजऱ्या झाला, मधला दगड घट्ट राहिला. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग याच खडकावर बसलेला आहे. कळलं खरं, पण पश्चिमेची भिंत कोरडी का, याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. तिथं भेग नव्हती म्हणून कोरडी, एवढंच.

मॉडेलमध्ये भेगा घालता येत नाहीत, कारण त्या कुठे आहेत ते कुणालाच माहीत नाही. मग आम्ही सरासरी घालतो. भूजलाचा अंदाज बांधण्याची देशभर वापरली जाणारी जी ठरलेली पद्धत आहे, तिच्यात बेसाल्टची, म्हणजे आपल्या या काळ्या पाषाणाची, साठवणक्षमता खडकाच्या आकारमानाच्या २ टक्के धरतात, कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त ३. ऐकायला हा फरक चिल्लर वाटतो. पण एका हेक्टरवर पातळी एक मीटर उतरली, तर २ टक्क्यांनी दोन लाख लिटर पाणी गेलं असा हिशेब होतो, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. १ टक्का धरला तर दहाच टँकर, ३ धरले तर तीस. पावसाचंही तेच. कुजलेल्या बेसाल्टमध्ये पडलेल्या पावसाचा ७ टक्के भाग मुरतो असं धरायचं, सच्छिद्र आणि सांधे असलेल्या बेसाल्टमध्ये १३ टक्के. ६५० मिलिमीटर पाऊस धरला तर एकीकडे साधारण ४५ मिलिमीटर मुरले, दुसरीकडे ८४. आणि हे दोन्ही खडक एकाच ओढ्याच्या दोन काठांवर, कधीकधी एकाच विहिरीच्या दोन भिंतींत सापडतात. चाळीस अंशांच्या उन्हात विहिरीच्या कठड्यावर ओणवं होऊन टेप सोडायची, आत टेप पाण्याला टेकली की वर यंत्राची बीप वाजते, ती सेंटिमीटरमध्ये लिहून घ्यायची, आणि घरी येऊन तिला अशा दुप्पट-तिप्पट फरकाच्या आकड्यानं गुणायचं. बीप ऐकताना मला अजूनही फार बरं वाटतं. खात्रीचं असं त्या साखळीत तेवढंच असतं.

विद्यार्थी आले की मी त्यांना एक खेळ दाखवते. आधी मॉडेल नीट जुळवलेलं दाखवायचं. निरीक्षण विहिरींतल्या जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरच्या मोजणीचे ठिपके आणि मॉडेलची रेघ. ठिपके रेघेवर बसलेले, सगळे खूश. मग त्यांच्यासमोर मुरणारं पाणी दुप्पट करायचं, खडकाची पाणी वाहून नेण्याची क्षमता दुप्पट करायची, साठवणक्षमता आणि उपसाही दुप्पट, आणि पुन्हा चालवायचं. रेघ जागची हलत नाही. सगळं पाणी दुप्पट झालं, दुप्पट वेगानं आलं आणि दुप्पट वेगानं गेलं. विहिरीतल्या पातळीला त्याचा पत्ताही लागला नाही. पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. कारण विहिरी मोजून आपल्याला पाण्याची उंची कळते, किती पाणी वाहतंय ते कळत नाही, आणि उंची कितीही विहिरींत कितीही वेळा मोजली तरी ते कळणार नसतं. ते कळायला वाहतं पाणी मोजावं लागतं, म्हणजे ओढा. आणि आपल्याकडे लहान ओढे कोण मोजतं? त्या गावाच्या ओढ्यावर आम्ही दिवाळीनंतर मोजणी केली ती अशी: दहा मीटरचा सरळ पट्टा निवडायचा, दोन्ही टोकांना काठ्या रोवायच्या, वरच्या काठीपाशी मोसंबीचं साल सोडायचं आणि खालच्या काठीपर्यंत मोबाइलवर वेळ धरायची. साल मध्येच बेशरमाच्या फांदीला अडकतं, एखादं म्हशीच्या पायाखाली जातं. काठावर बसलेली मंडळी विचारतात, मॅडम हे सरकारी काम आहे का. पण त्या सालींनी माझ्या मॉडेलचे सगळे दुप्पट-तिप्पट पर्याय एका आठवड्यात निकालात काढले. इतकी वर्षं पाहिलेल्या महागड्या उपकरणांच्या मानानं हा सौदा स्वस्तात झाला.

खडक आणि पाऊस एवढ्यावर भागलं असतं तर तरी बरं होतं.

मॉडेलमध्ये सगळ्यात कच्चा आकडा कुठला, असं मला विचाराल तर मी उपसा म्हणेन. विहिरी सातबाऱ्यावर सापडतात, बोअर बहुतेक वेळा सापडत नाहीत. २००९च्या भूजल कायद्यानुसार शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल जायला बंदी, म्हणजे दोनशे फुटांच्या खालचे सगळे बोअर कागदोपत्री नाहीतच. ते विचारलं की माणूस आधी आपल्या पायाच्या नखांकडे बघतो. वीजजोडण्यांवरून अंदाज काढावा तर एका जोडणीवर दोन मोटारी. मोटर किती तास चालते हे शेतकऱ्यालाही ठाऊक नसतं, कारण स्टार्टरला ऑटो लावलेला असतो आणि लाईट रात्री दीडला आली की मोटर आपली आपण सुरू होते, मालक झोपलेला. मी प्रश्नावल्या भरून घेतल्या आहेत. त्यांतली उत्तरं माणसाच्या स्वभावाबद्दल पुष्कळ सांगतात, पाण्याबद्दल कमी. ज्याला अनुदान मिळेल असं वाटतं तो पाणी कमी सांगतो, ज्याच्या मुलाचं लग्न ठरायचं असतं तो जास्त.

शेवटी हा आकडा मला मिळाला तो बाजाराच्या गावी, एका मोटर वायंडिंगच्या दुकानात. दहा बाय बाराचा गाळा, दारात जळक्या पाणबुडी मोटारींचा ढीग, आत तांब्याच्या तारेची रिळं आणि वॉर्निशचा घशाला झोंबणारा वास. मी गेले होते आमच्याच एका पंपाच्या कामासाठी. दुकानदारानं नोंदीची लांबट वही उघडली तेव्हा मला रकाने दिसले: तारीख, गाव, किती एचपी, किती फुटांवर सोडली होती, काय झालं. ‘काय झालं’च्या रकान्यात दोनच कारणं पुन्हापुन्हा होती. ‘व्होल्टेज’ आणि ‘कोरडी फिरली’. कोरडी फिरली म्हणजे पाणी तुटलं, मोटर चालूच राहिली आणि जळली. त्या वहीत तालुक्यातल्या कितीतरी बोअरचं पाणी कुठल्या तारखेला, किती फुटांवर तुटलं याची रोजनिशी होती, आणि ती ठेवणाऱ्या माणसाला आपण काय ठेवतोय याची कल्पनाच नव्हती. त्यानं नावांच्या रकान्यावर हात आडवा धरला आणि मला बाकीचं लिहून घेऊ दिलं. पानं उलटताना फुटांचे आकडे वाढत जाताना दिसत होते. अडीचशे, तीनशे, चारशे वीस. २०१२-१३च्या दुष्काळात, जेव्हा टँकरनं पाणी घालूनही मोसंबीच्या बागा वाळल्या आणि लोकांनी त्या मुळासकट उपटल्या, तेव्हाचीही पानं होती. जानेवारी-फेब्रुवारीत ती गच्च भरलेली, एप्रिल-मेमध्ये जवळजवळ कोरी. मी विचारलं, उन्हाळ्यात कमी का? तो म्हणाला, ‘मोटर जळायला आधी पाणी लागतं ना, ताई.’

ॲरिझोनाची गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असते, पण ती कुणी फारशी मोठ्यानं सांगत नाही. फिनिक्स शहर ज्या भागात आहे, तिथल्या सॉल्ट रिव्हर आणि लोअर सांता क्रूझ या खोऱ्यांचं १९६८ साली मॉडेल केलं गेलं. कम्प्युटरचं नव्हे, विजेचं: खडकाच्या जागी रेझिस्टर, साठ्याच्या जागी कपॅसिटर आणि पाण्याच्या जागी करंट. सुमारे चाळीस वर्षांच्या नोंदींशी ते जुळवलं होतं. आमच्याकडे पाच वर्षांच्या सलग नोंदी मिळाल्या तर आम्ही पेढे वाटू. त्यावरून पुढच्या दहा वर्षांत पाणी किती खाली जाईल याचा अंदाज दिला. ती वर्षं उलटल्यावर लिओनार्ड कोनिको यांनी अंदाज आणि प्रत्यक्षातल्या विहिरी शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या आणि १९८६ साली लिहिलं की मेळ फारसा बसत नाही. पहिलं कारण सगळ्यांना सुचतं तेच होतं, लोकांनी धरला होता तसा उपसा केला नाही. पण ती दुरुस्ती करूनही सगळा फरक भरून निघत नव्हता. खडकाबद्दलची मूळ समजूतच कुठेतरी अपुरी होती, आणि चाळीस वर्षांचे ठिपके रेघेवर बसले म्हणून ती अपुरी आहे हे दिसलं नव्हतं. पुढे १९९२ मध्ये त्यांनी आणि जॉन ब्रेडेहोफ्ट यांनी सरळच मांडलं की भूजलाचं मॉडेल ‘खरं ठरलं’ असं कधी म्हणताच येणार नाही; फार तर अजून खोटं ठरलेलं नाही. आमच्याकडच्या निविदांमध्ये आजही एक अट असते: मॉडेल प्रमाणित करून द्यावे. आम्ही देतो. शिक्का मारून देतो.

मग हे करायचं कशाला, असं मला माझ्या नवऱ्यानं एका रात्री विचारलं. तो बँकेत आहे, अंदाज चुकला की त्याच्याकडे माणसं घरी जातात. मी त्याला उत्तर देण्याऐवजी लॅपटॉप फिरवून दाखवला. त्याच गावाच्या मॉडेलमध्ये मी सगळ्या मोटारी बंद करून ठेवल्या होत्या. सगळे बोअर, सगळ्या विहिरी, शून्य उपसा, बाकी पाऊस आणि खडक तेच. आता ओढा दिवाळीनंतर आटत नव्हता. निळी रेघ मार्चपर्यंत चालत होती, चांगल्या पावसाच्या वर्षी त्याही पुढे. गावातली म्हातारी माणसं ‘आमच्या वक्ताला होळीच्या धुळवडीला ओढ्यात आंघोळ करायचो’ असं सांगतात आणि पोरं मान हलवून दुसरीकडे बघतात. इथं ती धुळवड पडद्यावर उतरली होती. ते पाणी गेलं कुठे, याचं उत्तर चार्ल्स थाइस नावाच्या माणसानं १९४० सालीच देऊन ठेवलंय. पंप बसण्याआधीही जमिनीतलं पाणी रिकामं बसलेलं नव्हतं. जेवढं मुरत होतं तेवढं कुठूनतरी बाहेर पडत होतं, ओढ्यात, झऱ्यात, झाडांच्या मुळांत. पंपानं उचललेलं पाणी एकतर साठ्यातून येतं, नाहीतर त्या बाहेर पडणाऱ्या वाट्यातून. काही ठिकाणी पातळी उतरल्यानं जास्त पाणी मुरतं, तेवढीच काय ती भर. म्हणजे मोटर सुरू झाली की कुणाचा तरी हिस्सा कमी होतो. कुणाचा, कधी आणि किती लांबचा, एवढं मात्र मॉडेल बऱ्यापैकी सांगतं. पातळी फुटाफुटानं चुकली तरी हे सहसा चुकत नाही.

आणि हेच आपल्या भूजलाच्या सरकारी ताळेबंदात दिसत नाही. वर्षात जेवढं मुरतं त्याच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असला की तो भाग ‘सुरक्षित’, १००च्या वर गेला की ‘अतिशोषित’. हा हिशेब घालताना नैसर्गिक निचऱ्यासाठी ५ ते १० टक्के आधीच बाजूला काढतात. म्हणजे ओढा, त्यातले मासे, काठावरच्या चिंचा आणि खालच्या गावाची नदी, सगळ्यांना मिळून पाच ते दहा टक्के. त्यानंतर ओढा आटला तरी कागदावर सगळं सुरक्षितच राहतं. या पद्धतीला मी नावं ठेवत नाही. एवढ्या मोठ्या राज्याचा हिशेब काहीतरी धरूनच करावा लागतो, आणि तो सुरू झाला म्हणून निदान निरीक्षण विहिरींची मोजणी तरी चालू राहिली. फक्त ‘सुरक्षित’ हा शब्द कोणासाठी, हे त्या तक्त्यात लिहायची सोय नाही.

पण त्या रात्री निळा ओढा बघताना मला निर्भेळ आनंद झाला असं म्हणता येणार नाही. मोटारी नसलेलं ते गाव मला आजोळामुळे ठाऊक आहे. होळीपर्यंत वाहणाऱ्या त्या ओढ्याच्या काठी जिरायती ज्वारी होती, दसऱ्यानंतर बिऱ्हाड बैलगाडीत घालून ऊसतोडीला जाणारी घरं होती, आणि सातवीनंतर शाळा सुटलेल्या माझ्या दोन मावश्या होत्या. मोसंबीनं गावात स्लॅबची घरं आली आणि मुली औरंगाबादला, आता संभाजीनगर, कॉलेजला गेल्या. पडद्यावर मोटारी बंद करायला मला एक क्लिक पुरलं. नवरा म्हणाला, ‘ओढा छान आहे. आता त्या मोसंबीवाल्याला दाखव.’

दाखवलं. त्या केशरी चौकोनातल्या दोन विहिरींचा प्रश्न मनात होताच, म्हणून पुढच्या खेपेला मी आधी तिकडे गेले. थोरल्याची विहीर पंचेचाळीस फूट, धाकट्याचा बोअर पाचशेच्या घरात. बोअरला वरच्या मुरमापुरतं केसिंग, म्हणजे लोखंडी पाइप, आणि खाली उघडा खडक, सगळ्यांचं असतं तसं. धाकटा म्हणाला, ‘ताई, कान लावून बघा.’ मी केसिंगच्या लोखंडी कडेला कान लावला. आत खोलवर पाणी पडत होतं. बारीक, सलग धार, अंधारात कुठेतरी खाली आदळणारी. त्याच्या दृष्टीनं ती बोअरची श्रीमंती होती: बाजूच्या भेगेतून झरा लागलाय, मोटर बंद असली तरी भरतंय. मला त्या आवाजात वरच्या थरातलं पाणी मुरूम आणि फुटक्या खडकातून त्या भोकावाटे खालच्या थरात उतरताना ऐकू येत होतं. मोटर बंद असली तरी. असे बोअर मॉडेलमध्ये घालता येतात. दोन थरांच्या मध्ये भोक पाडल्यासारखं ते दाखवायचं आणि वरच्या थराची पातळी उतरताना बघायची. चौकोन पंचवीस मीटरचे केले तर दोन्ही भाऊ वेगवेगळ्या चौकोनांत आले. वाटणी परत झाली. पण त्या पंचवीस मीटरच्या चौकोनांत घालायला माझ्याकडे नवी माहिती कुठलीच नव्हती. त्याच २ टक्क्यांचे बारीक तुकडे केले होते. रंग जास्त देखणा दिसत होता इतकंच. मी तो नकाशा कुणाला दाखवला नाही. धाकट्याला आवाजाचं जे वाटलं ते सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, ‘मंग काय भोक बुजवू?’ आणि मोसंबी सोलून दिली.

गावाला मात्र मी मोठ्या चौकोनांवरच तीन चित्रं दाखवली. आणखी बंधारे बांधले तर काय, उन्हाळी पीक सोडलं तर काय, आणि आहे तसंच चालू राहिलं तर काय. बंधाऱ्यांचं चित्र सगळ्यांना आवडतं, कारण त्यात कुणाला काही सोडावं लागत नाही. पण आमच्या चित्रात बंधाऱ्यानं मुरलेलं पाणी जवळच्या विहिरींना डिसेंबरपर्यंत पोचत होतं आणि तिथंच संपत होतं. उन्हाळी पिकाचं चित्र बघताना शांतता पसरली. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका तरुणानं नकाशाच्या वरच्या कडेवर बोट ठेवलं. तिथं लाल चौकोनांचा पट्टा होता. ते वरचं गाव. पाणलोट एकच, ग्रामपंचायत दुसरी. त्यांनी मोठमोठी शेततळी केली आहेत, प्लास्टिकचा कागद अंथरलेली. आत पडणारा पाऊस नावापुरता. भरतात ती बोअरनं, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात जमिनीतलं पाणी उपसून, उन्हाळ्यात बागेला घालायला. तिथून ते उन्हानं उडतंही. ‘म्हणजे आम्ही उन्हाळी कांदा सोडायचा आणि त्यांनी तळी भरायची?’ तो म्हणाला. याचं उत्तर मॉडेलमध्ये होतं, आकड्यासकट, आणि मी ते सांगितलं. बैठक तिथून पुढे तासभर चालली, पण पाण्याबद्दल नव्हे.

आता वरच्या गावात बैठक घ्यायची असं ठरतंय. तिकडून निरोप आलाय की यायला हरकत नाही, फक्त आमची तळी कुठल्या रंगात दाखवली आहेत ते आधी व्हॉट्सॲपवर पाठवा. रंग मी बदलणार नाही. पण त्या लाल चौकोनांत जो आकडा आहे, तो साठवणक्षमता १ टक्का धरली तर किती होतो आणि ३ धरली तर किती, हेही शेजारी छापावं असं मला वाटतं. तसं न छापता पाठवणं मला जमणार नाही. आणि छापलं, तर वरचं गाव त्यातला कमीतला आकडा धरून बसणार आणि खालचं जास्तीतला, हेही दिसतंय. सरपंचांचा दोनदा फोन येऊन गेला. त्यांचं म्हणणं, मॅडम, आकडा एकच द्या, तीन आकड्यांवर भांडता येत नाही. मी त्यांना म्हटलं, येतं की, जास्त वेळ येतं. ते म्हणाले, तेच तर म्हणतोय.